ह्ये कातडं न्हवं, अक्का

दसरा झाला की आमच्या गच्चीवर दरवर्षी एक कार्यक्रम असतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत बेळगावात जो पाऊस लागतो, त्यात बंद कपाटात काय काय उगवतं हे इथल्या बायकांना सांगायला नको. रेशमी साड्यांच्या घडीत कुबट वास, लोणच्याच्या बरणीच्या दादऱ्याला ओल, नवऱ्याच्या एकुलत्या एका चांगल्या बुटांवर पांढरी बुरशी. त्यामुळं ऑक्टोबरचं पहिलं कोरडं ऊन पडलं की मी माझ्या बॅगा वर नेते. उन्हात नव्हे, पाण्याच्या टाकीच्या सावलीत. नवारीच्या खाटेवर सुती चादर टाकते आणि एकेक बॅग उघडी करून मांडते. आतले बटर पेपरचे बोळे काढायचे, सिलिका जेलच्या पुड्या बदलायच्या, मऊ फडक्यानं शिवणीशिवणीतून पुसायचं. दोन तास वारं लागलं की पुन्हा आपापल्या कापडी पिशवीत. प्लास्टिकच्या पिशवीत कधीही नाही. ते शहाणपण मला एका बॅगेचा जीव गेल्यावर आलं.

यंदा शेजारच्या काकू त्यांच्या गच्चीतून डोकावल्या.

"काय गं, दुकान काढालीस की काय?"

"नाही ओ काकू, वारं लागू दे म्हटलं."

"किती आहेत?"

"अकरा."

"आणि खांदे किती? दोनच नव्हे?"

एकेकाळी त्या तेवीस होत्या, हे मी काकूंना सांगितलं नाही.

माझं माहेर अथणी. वडिलांचं कापडाचं दुकान होतं, घरात मराठी, गल्लीत कानडी, गिऱ्हाईकाशी जी भाषा गिऱ्हाईक बोलेल ती. आईकडं पर्स हा प्रकारच नव्हता. गुळेदगुड्डच्या खणाचा एक बटवा होता, दोरी ओढली की तोंड मिटणारा, तो कायम कनवटीला. सुट्टे पैसे, सुपारीचं खांड, देवळाच्या चपलेच्या टोकनासकट सगळं त्यात. १९९१ साली लग्न होऊन मी बेळगावला आले. सासरचा उद्यमबागेत कारखाना, हायड्रॉलिकचे पार्ट. सुरुवातीची वर्षं ओढाताणीची गेली, नंतर बरे दिवस आले. त्या बऱ्या दिवसांतच हे वेड लागलं, उगाच साधेपणाचा आव कशाला आणू.

२००९ च्या एप्रिलमध्ये ह्यांना हॅनोव्हरच्या औद्योगिक प्रदर्शनाला जायचं होतं. मी सोबत गेले आणि येताना चार दिवस पॅरिस केलं. शाँझेलिझेवर लुई व्हिटॉंचं मोठं दुकान आहे, बाहेर ही रांग. मला रांग बघितली की उभं राहावंसं वाटतं, रेशन दुकानाची सवय. आत गेले आणि 'स्पीडी ३०' घेतली. तीसेक हजारांच्या घरात पडली. तपकिरी अंगावर पिवळसर फुलं आणि ती दोन अक्षरं, आणि दोन गोल मुठी, नव्या असताना भिजवून सोललेल्या बदामाच्या रंगाच्या. आतल्या शिवणीत एक चिमुकली पट्टी असते, तिच्यावर दोन अक्षरं आणि चार आकडे. माझ्या बॅगेवर ००८९. त्या काळच्या बॅगांत पहिला आणि तिसरा आकडा आठवड्याचा, दुसरा आणि चौथा वर्षाचा. म्हणजे २००९ चा आठवा आठवडा. फेब्रुवारीत जन्मलेलं बाळ मी एप्रिलमध्ये घरी आणलं. (२०२१ पासून ती पट्टी गेली, आता आत चिप असते. चिप वाचायला यंत्र लागतं, त्यात ती मजा नाही.)

बेळगावात आल्यावर पहिलंच लग्न टिळकवाडीत होतं. मी बॅग मांडीवर अशी ठेवली की अक्षरं समोर यावीत. वन्संनी हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि कौतुकानं म्हणाल्या, "छान आहे गं. अगदी ओरिजिनलसारखी दिसते."

एका मावशींनी विचारलं, "एल व्ही म्हणजे कोण? तुझं नाव तर व वरून नाही." तिसरीनं खरी गोम सांगितली. गणपत गल्लीतल्या एका बोळात अशाच मिळतात, साडेतीनशेला, आणि तिच्या बॅगेला आतून एक खण जास्त आहे.

आमचं गाव पाटी वाचणारं गाव आहे हो. दुकानाच्या पाटीवर कुठली लिपी वर, कुठली खाली, कुठलं अक्षर किती मोठं, यावरून इथं मोर्चे निघतात. २०१४ च्या १ नोव्हेंबरला गावाचं नाव सरकारी कागदावर बदललं, पण घराघरात ते बेळगावच राहिलं. असल्या गावात माझ्या बॅगेवरची पाटी मात्र कुणी वाचायला तयार नव्हतं. आणि ज्यांना वाचता येत होती त्यांचा तिच्यावर विश्वास नव्हता.

यावर शहाण्या बाईनं काय केलं असतं? मी काय केलं तर अक्षरं मोठी केली.

पुढची पाच वर्षं मी फक्त पाट्या विकत घेतल्या. 'नेव्हरफुल' घेतली, ती २००७ मध्ये निघाली होती आणि तिच्यात भाजी धरून सगळं मावतं. दोन जी एकमेकांत अडकवलेली गुच्ची घेतली. मग 'लेडी डिओर', जिच्या मुठीला कंपनीच्या नावाची अक्षरं सुटी सुटी लोंबतात, चालताना खुळखुळतात. १९९५ मध्ये ती राजकन्या डायनाला भेट मिळाली आणि तिच्या हातात दिसून जगभर गेली. डायनाच्या हातात ती शांत दिसते. माझ्या हातात बैलाच्या गळ्यातल्या घुंगरमाळेसारखी वाजायची. भिशीचा नंबर लागला की पैसे घरात टिकायचे नाहीत. राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्री निघायचं, सकाळी बेंगळूरु, यूबी सिटी मॉलमध्ये जायचं, आणि दुसऱ्या दिवशी कुंद्याचा रिकामा डबा आणि नवी बॅग घेऊन परत. त्या काळात मला कुणी विचारलं असतं की तुला बॅगेतलं काय आवडतं, तर मी मॉडेलचं नाव सांगितलं असतं. नावापलीकडं मला काही दिसतच नव्हतं.

मग स्पीडीवर पाऊस पडला.

जूनचा पहिला आठवडा, गोवावेसला रिक्षा मिळेना, आणि वळवाची सर आली. छत्री साडीवर धरली, बॅग उघडी राहिली. अंगाला काही झालं नाही, पाणी ओघळून गेलं. पण दोन्ही मुठींवर थेंब न् थेंब उमटला, देवीच्या व्रणांसारखा. मुठी ज्या चामड्याच्या असतात त्यावर वरून कसलाही लेप नसतो. ते हाताच्या तेलानं आणि उन्हानं हळूहळू मधाच्या रंगाचं होत जातं आणि पाण्याचा प्रत्येक थेंब लक्षात ठेवतं. मला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. मैत्रिणीच्या सांगण्यावरून लिंबू चोळलं. अजून बिघडलं.

त्या भाद्रपदात वडिलांच्या महाळाला अथणीला गेले तेव्हा बॅग पिशवीत घालून नेली. आमच्या घरच्या चपला पिढ्यान् पिढ्या ज्या घरातून येतात, त्या घरच्या मामांना दाखवावी म्हटलं. अथणीच्या बाहेरच्यांना हे सांगायला लागतं की तुमच्या पायातली कोल्हापुरी चप्पल कोल्हापूरचीच असेल असं नाही. अथणी आणि आसपासच्या गावांतल्या कितीतरी घरांत हेच काम चालतं. माल कोल्हापूरच्या बाजारात जातो आणि तिथलं नाव घेऊन जगात हिंडतो. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर यांच्या जोडीला बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हे चार जिल्हेही लागले. नाव मात्र एकाच गावाचं. सीमाभागात राहणाऱ्याला याचं नवल वाटत नाही.

मामा अंगणात पोत्यावर बसून तळ शिवत होते. बाजूला रापी, आरी, भिजवलेल्या वाद्यांचं टोपलं. तो वास माझ्या लहानपणाचा वास. बाभळीची साल आणि हिरड्याच्या पाण्यात मुरलेल्या कातड्याचा. मी बॅग पुढं केली आणि जरा तोऱ्यातच किंमत सांगितली.

त्यांनी हात पुसले. बॅग घेतली. आधी नखानं अंगावर टिचकी मारली, मग कोपरा दुमडून बघितला, मग चक्क वास घेतला.

"ह्ये कातडं न्हवं, अक्का. कापाड हाय. वरनं कायतरी फासलंय, आपल्या ताडपत्रीवाणी."

मी म्हटलं, "मामा, असं कसं? फ्रान्सची आहे."

"आसंल की. फ्रान्सची ताडपत्री."

घरातल्या सुना हसायला लागल्या. मामा काही हसले नाहीत. त्यांचं लक्ष मुठीकडं होतं. "ह्यो मात्र गाईचा हाय. चांगला कमावलाय. पर वर काय लावल्यालं न्हाई, म्हणून डाग धरतोय. काय करू नका. वापरा. हातानंच काळा हुईल, डाग त्यात जातील." मग बराच वेळ चेन उघडझाप करत बसले. चेन त्यांना मनापासून आवडली. असली चेन आपल्याकडं मिळत नाही म्हणाले.

रात्री मोबाईलवर वाचलं. मामा बरोबर होते. सुती कॅनव्हासवर प्लास्टिकचा थर. आणि कंपनीनं ते कधी लपवलेलं नाही, मीच विचारलं नव्हतं. १८५४ मध्ये सुरू झालेलं हे प्रवासी पेट्यांचं दुकान. पेट्यांना कॅनव्हासच लावायचे, कारण तो हलका आणि पाण्याला टिकणारा. १८९६ मध्ये मुलगा जॉर्ज व्हिटॉं यानं फुलाअक्षरांची ती नक्षी काढली, कशासाठी, तर लोकांनी नक्कल करू नये म्हणून. हे वाचून मी अंथरुणात उठून बसले. नक्कल होऊ नये म्हणून काढलेली नक्षी गणपत गल्लीच्या बोळात साडेतीनशेला टांगलेली असते!

मामांनी त्या दिवशी आणखी एक गोष्ट दाखवली, आणि माझी नजर खरी फिरली ती त्या गोष्टीनं. बॅगेच्या अंगावरच्या टाक्यांवर अंगठा फिरवून ते म्हणाले, "ही मशीनची टीप. एक धागा तुटला की उसवत जाणार." आणि दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया ओवून, कातड्याच्या तुकड्याला आरीनं भोक पाडून, एकाच भोकातून दोन्ही बाजूंनी सुया आरपार काढून दाखवल्या. "आमचा आजा जतच्या संस्थानात खोगिरं शिवायचा. घोडा उधळला तरी उसवाय नको, म्हणून आशी शिवण. एक टाका तुटला तर बाकीचं आपापल्या जाग्याला ऱ्हातात."

शिवणाच्या मशीनवर बसलेल्या बाईला हे लगेच कळतं. मशीनमध्ये वरचा धागा वर राहतो, बॉबिनचा खाली राहतो, दोघं मध्ये फक्त एकमेकांना आकडा घालतात. एकानं हात सोडला की संपलं. दोन सुयांच्या शिवणीत एकच धागा दोन्हीकडून जातो. आईच्या मशीनच्या बॉबिनशी मी आयुष्यभर भांडले होते, पण या फरकाकडं कधी बघितलं नव्हतं.

बेळगावला परत आल्यावर मी कपाट उघडलं आणि सगळ्या बॅगा उलट्या करून बघितल्या. आतून. कडांना रंग कसा लावलाय, अस्तर कुठं सुरकुतलंय, मुठीच्या मुळाशी टाके तिरपे आहेत की सरळ, दोन बाजूंची नक्षी शिवणीवर जुळते का. नवऱ्याला वाटलं पैसे शोधतेय. ती संध्याकाळ वाईट गेली, खरं सांगायचं तर. पाच-सहा बॅगा अशा निघाल्या की पाटी झाकली तर त्यांच्यात मला काहीच आवडत नव्हतं.

त्या विकायला दोन वर्षं लागली. मुंबईची एक बाई जुन्या बॅगा घेते, तिनं निम्म्याहून कमी भाव दिला. साडीचं असं होत नाही, साडी जुनी झाली की बहिणीला द्यायची. बॅगेचं सोनंही होत नाही आणि साडीही होत नाही. गुंतवणूक म्हणून बॅग घ्या असं सांगणाऱ्यांना मी हात जोडते. काही थोड्या बॅगांचं तसं होतं, आणि त्या तुम्हाआम्हाला सहजी मिळत नाहीत.

मग आली ती बिनपाटीची वर्षं. बोत्तेगा व्हेनेताची एक विणलेली बॅग घेतली. इटलीतल्या व्हिचेन्झाजवळचं हे घर, १९६६ चं. बाहेर कुठं नाव नाही. चामड्याच्या पट्ट्या एकमेकीतून अशा विणलेल्या की जोड शोधून सापडत नाही. सांगतात की त्यांच्याकडची मशीनं कापडाची होती, जाड कातडं त्यांना झेपायचं नाही, म्हणून पातळ कातडं घेऊन विणीनं बळ आणलं. ती बघितली आणि मला कोल्हापुरीच्या पट्ट्यावरची वेणी आठवली. मामांची सून बोटांच्या पेरांवर ती वेणी घालते, बोलता बोलता, खाली न बघता.

याच काळात एका काळ्या बॅगेनं दगा दिला. कंपनीचं नाव घेत नाही. बाहेरून सुरेख, आणि तिसऱ्या पावसाळ्यानंतर आतल्या खिशात हात घातला तर बोटं चिकटली. अस्तराचा थर विरघळून गुळाच्या पाकासारखा झाला होता. चामड्यासारखं दिसणारं ते कृत्रिम अस्तर दमट हवेत हळूहळू मोडत जातं आणि एकदा सुरू झालं की थांबत नाही. मी तर वर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली होती, म्हणजे ओल आतच कोंडलेली. युरोपातल्या कोरड्या कपाटात ती कदाचित आणखी दहा वर्षं जगली असती. तेव्हापासून मी कुठलीही बॅग घेताना आधी अस्तर विचारते. दुकानातल्या मुली माझ्याकडं विचित्र बघतात. बघोत. त्यांनी बेळगावचा जुलै बघितलेला नाही.

आता 'केली' या बॅगेविषयी. इथं मी जरा वेळ घेणार.

अर्मेस हे नाव मी आधीही ऐकलं होतं, पण ते आपल्या ऐपतीबाहेरचं म्हणून सोडून दिलं होतं. मामांच्या खोगिराच्या शिवणीनंतर कधीतरी वाचनात आलं की अर्मेसचं घर १८३७ मध्ये घोड्यांचा साज करणारं म्हणून सुरू झालं आणि आजही त्यांच्या बॅगांना ती दोन सुयांची, मेण लावलेल्या लिननच्या धाग्याची शिवण हातानं घालतात. माझ्या डोळ्यांसमोर लगेच जतचं संस्थान आणि मामांचा आजा. पुढं सहा महिने मी दुसरं काही वाचलं नाही. केली ही बॅग मुळात १९३० च्या दशकातली. १९५६ मध्ये मोनॅकोची प्रिन्सेस झालेल्या ग्रेस केलीनं फोटोवाल्यांपासून आपलं पोट लपवायला ती पुढं धरली, तो फोटो गाजला, आणि १९७७ मध्ये कंपनीनं तिचं नावच बॅगेला दिलं. पोट झाकायला पदर नसेल तर बॅग, दुसरं काय.

नवी घेणं शक्य नव्हतं. भाचा टोकियोत नोकरीला आहे. तिकडं जुन्या बॅगांची दुकानं फार आणि विकणारे प्रामाणिक. कुठं ओरखडा आहे, कुठं कोपरा घासलाय, ते आधीच लिहून ठेवतात. भाच्यानं व्हिडिओवर पाच दुकानं दाखवली. सहाव्या दुकानात ती होती. गडद तपकिरी, बॉक्स काफ, म्हणजे गुळगुळीत चमकदार वासराचं चामडं, झाकणावर नखांचे बारीक ओरखडे. पट्ट्याच्या मागं गोलात यू अक्षर ठोकलेलं. अर्मेसच्या बॅगांवर वर्षाचं अक्षर असतं. १९७१ पासून गोलातला ए, मग बी, असं चालत १९९६ ला झेड, नंतर चौकोन. गोलातला यू म्हणजे १९९१.

माझ्या लग्नाचं वर्ष. भाच्याला म्हटलं, घे.

किंमत लिहीत नाही. हे अधूनमधून माझं लिखाण वाचतात.

ती आली तेव्हा तिला आधीच्या बाईच्या पावडरीचा मंद वास होता. तो मी घालवला नाही. सहा महिन्यांत आपोआप गेला, तेव्हा चुकल्यासारखं वाटलं. तिच्यावर नाव आहे, सोनेरी अक्षरात, इतकं बारीक की माझ्या चष्म्याचा नंबर लागतो. पाच ओरखडे माझे स्वतःचे आहेत, त्यातला सर्वात लांब कपिलेश्वरच्या देवळात कुणाच्या तरी बांगडीनं पडलेला.

ती घेऊन पहिल्यांदा भिशीला गेले. मला आता कुणी ओळखावं असं वाटत नव्हतं, असं मी स्वतःला सांगितलं होतं. तरी बॅग टेबलावर ठेवलीच. शहापूरच्या एका वहिनींनी तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि काळजीच्या सुरात विचारलं, "काय ओ, विम्याची कामं घ्यायला लागलात काय?"

सगळ्यांच्या आधी मी हसले. २००९ च्या लग्नात मला हसू आलं नव्हतं.

मी पुण्या-मुंबईत असते तर हे असं झालं असतं का, हा प्रश्न मला पडतो. माझी मुंबईची मैत्रीण, माझ्याच वेळी सुरुवात केलेली, अजून दर वर्षी नवं मॉडेल घेते. तिच्याभोवती वाचणारे आहेत. लिफ्टमध्ये, हॉटेलात, मुलांच्या शाळेत प्रत्येक डोळा पाटी वाचतो, दाद देतो, हेवा करतो. तिला बॅग उलटी करून बघायची गरजच पडली नाही. मला दाद मिळाली ती विम्याच्या एजंटाची. तेव्हा माझी नजर बदलली याचं श्रेय मी माझ्या समजुतीला देऊ की बेळगावला देऊ, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

एवढं सगळं झाल्यावर मला वाटलं, आता मामांकडूनच बॅग करून घ्यावी. सगळेच मला हे सुचवायचे, मोठा शोध लावल्यासारखे. २०१८ ला करून घेतली. मामांनी जीव ओतला. दोन सुयांची शिवण, पट्ट्याला वेणी, बक्कल कोल्हापूरहून मागवलं. दिसायला राजेशाही. पण तळाचं कातडं ते तळाचं कातडं. बॅग इतकी कडक झाली की उघडायला दोन हात आणि बंद करायला गुडघा. पहिल्या पावसात असा वास सुटला की गाडीतून कुणी बसेना, आणि पट्ट्याचा रंग माझ्या पांढऱ्या कुर्त्याच्या खांद्यावर कायमचा बसला. मामांना सांगितलं तर म्हणाले, "आमी पायाचं करतो अक्का. खांद्याचं कातडं निराळं कमवाय लागतं." त्यांना वाईट वाटलं नाही. मला वाटलं. ती बॅग आहे अजून, लाईट बिलं आणि घरपट्टीच्या पावत्या तिच्यात असतात. खाटेवर तीही मांडली होती. हाताचं म्हणून सगळंच सुंदर, असं म्हणणाऱ्यांनी तो कुर्ता बघावा.

२०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं मॉडेलांच्या पायात कोल्हापुरीसारख्या चपला घातल्या आणि आधी भारताचं नावही घेतलं नाही, तेव्हा माझा मोबाईल दोन दिवस तापला होता. सगळ्यांनी मलाच फॉरवर्ड केलं, कारण मी 'बॅगावाली'. महाराष्ट्रात गदारोळ झाला, कंपनीनं मग मूळ मान्य केलं, आणि वर्षअखेर महाराष्ट्र आणि कर्नाटक, दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. ही दोन राज्यं एका कागदावर सुखानं आली, ती चपलेसाठी. मामांना फोन केला तर त्यांचा प्रश्न एवढाच, "जोडीला किती देणार?" गंमत म्हणजे प्राडाची माझ्याकडची एकमेव बॅग चामड्याची नाहीच, काळ्या नायलॉनची आहे. १९८४ मध्ये त्यांनी नायलॉनची पाठपिशवी काढली आणि तेच त्यांचं नाव झालं. पाऊस लागला की मी तीच घेऊन बाहेर पडते. मामांना मी ती मुद्दाम दाखवली होती. त्यांनी बोटं फिरवून म्हटलं, "छत्री हाय की ही."

त्याच वर्षी जुलैत पॅरिसच्या लिलावात, जिच्या नावावरून अर्मेसनं बर्किन बॅग काढली त्या गायिका-अभिनेत्री जेन बर्किनची स्वतःची, पहिली बर्किन बॅग ८६ लाख युरोंना गेली. फोटो मोठे करून करून बघितले. खरचटलेली, चिकटवलेल्या स्टिकरांचे डाग असलेली, आणि आत नखं कापायचं नेलकटर लोंबतंय. मला त्या आकड्याचं काही वाटलं नाही, पण नेलकटर बघून बाई आवडली. आईच्या बटव्यात सुपारीचं खांड, हिच्या बॅगेत नेलकटर. आता माझं वय आणि उजवा खांदा दोन्ही बोलायला लागलेत. मोठ्या बॅगा मी उचलतच नाही. चष्मा, गोळ्या, किल्ल्या, मोबाईल, रुमाल. गेल्या तीन वर्षांत एकच बॅग घेतली, वीतभर, आणि तीही दुसऱ्याच्या हातातली उतरलेली.

तर खाटेवर अकरा बॅगा, काकू गेलेल्या, आणि माझी भाची वर आली. भावाची मुलगी, अथणीची, इथं कॉलेजला माझ्याकडं राहते. सगळ्यांवरून तिनं नजर फिरवली. केली ओलांडली, विणलेली ओलांडली, आणि थेट स्पीडी उचलली. मुठी आता काळ्या गुळाच्या रंगाच्या झाल्यात. थेंबांचे डाग शोधावे लागतात. मामा तेही बरोबर बोलले होते.

"आत्या, ही मी कॉलेजला नेऊ?"

मी तिला सांगणार होते की बाई, ही ताडपत्री आहे. नाही सांगितलं. वह्या मावतात का बघ म्हटलं.

आठवड्यानं दुपारी तिचा मेसेज आला. 'आत्या, मैत्रीण विचारतेय कुठून घेतली. मी म्हटलं गणपत गल्ली. आता तिला दुकान कुठलं ते पाहिजे.'

संध्याकाळी भाजीला गेले तेव्हा मुद्दाम त्या बोळात डोकावले. अजून मिळतात. साडेतीनशेच्या सातशे झाल्यात, आणि आतला जादा खण अजून आहे. भाचीला दुकानाच्या पाटीचा फोटो काढून पाठवला.